रुखवतातले रबरी मोजे

दोंडाईच्याच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत आक्काबाईला तोंडावरून कमी लोक ओळखायचे, हातांवरून जास्त. लग्न असो, अक्षय्य तृतीयेची आखाजी असो, व्याह्यांची पंगत असो, चुलीवर खापर पालथं पडलं की पहिला निरोप आक्काबाईला. ज्याने मांडा पाहिला नाही त्याला वाटतं पुरणपोळीच ती, जरा मोठी. जरा मोठी कसली. पुरण भरलेला उंडा दोन्ही पंजांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर खेळवत खेळवत कोपरापर्यंत आणायचा, पलीकडचा माणूस दिसेल इतका पातळ, आणि एका झटक्यात त्या तापलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. सगळा खेळ हातांचा. हात चुकला की पुरण चुलीत आणि अब्रू पंगतीत. आक्काबाईचा एकही मांडा कधी फाटला नव्हता. मिरवायला तिच्याकडे तेवढंच होतं. बाकी नवरा हिलाल अभिमन पाटलांकडे सालदार, म्हणजे या आखाजीपासून त्या आखाजीपर्यंत वर्षाचा बांधलेला गडी, घर पाटलांच्याच खळ्याला लागून, आणि एक मुलगी, बेबा.

असे हात नुसते मांड्यांवर वाया घालवणं देशाला परवडणार नव्हतं.

पासष्ट साली कपाशीवर बोंडअळी पडली आणि तिच्या पाठोपाठ जीपमधून एक शेतकीचे साहेब येऊन पडले. त्यांनी पाठीवर बांधायचा पंप आणला, पांढऱ्या पावडरीच्या पिशव्या आणल्या आणि रबरी हातमोज्यांची एक जोडी आणली, लालभडक, कोपरापर्यंत येणारी. चावडीपुढे प्रात्यक्षिक झालं. साहेबांनी मोजे घातले, चमचाभर पावडर पाण्यात टाकली, फोटो निघाला, मोजे निघाले. ही जोडी गावाला भेट, असं साहेब म्हणाले. गावाला म्हणजे अर्थातच अभिमन पाटलांना, कारण गावाकडे कपाट नव्हतं आणि पाटलांकडे होतं. पाटलीणबाई सुनंदाबाईंनी मोजे पुसले, मऊ फडक्यात गुंडाळले, डांबराची गोळी घातली आणि कुलूप लावलं. एवढी भारी वस्तू वापरून खराब झाली असती ना.

पुढची तीन वर्षं गावातल्या एकाही माणसाने ते मोजे खराब केले नाहीत. गाव भारी शिस्तीचं.

पावडरीची खोड एकच होती. तिच्या गुठळ्या व्हायच्या. थेट पाण्यात टाकली की गोळे तरंगायचे, गोळा पंपात गेला की नळी तुंबायची, आणि नळी तुंबली की हिलालला ती तोंड लावून फुंकावी लागायची. दिवसातून वीस वेळा तो बिचारा फुंकायचा. कुरकुर नाही, काही नाही, फक्त संध्याकाळी खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. काठीने ढवळून बघितलं, झाडूच्या हिराने बघितलं. शेवटी हिलालच्या डोक्यात उजेड पडला. आधी थोड्या पाण्यात पावडर मळून घट्ट दह्यासारखी करायची आणि मग पातळ करायची. आता मळायचं म्हटल्यावर घरात कोण होतं?

"पीठ मयतस तशीच मयनी शे," तो बायकोला म्हणाला. "तुना हात सोडी कोनले जमाव नही."

आक्काबाईला बरं वाटलं. हीच तर रडायची गोष्ट आहे. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने पहिल्यांदा तोंडावर कौतुक केलं होतं, तेही विषाच्या परातीपुढे बसवून. दुसऱ्या दिवसापासून ती बांधावर परात घेऊन बसायला लागली. बाह्या वर, बांगड्या मागे, कोपरापर्यंत हात आत. चिमटीत पावडर चुरडून बघायची, एकही कण बोटाला लागला नाही पाहिजे. त्या दिवसापासून नळी तुंबली नाही. अभिमन पाटलांनी चार लोकांत सांगितलं की असा हात जिल्ह्यात नाही, मग काय, शेजारपाजारचे आपापल्या पिशव्या घेऊन तिच्याच बांधावर. दुपारी ती राखेने हात घासायची, त्याच हाताने भाकरी थापायची. परातही राखेनेच घासायची. स्वच्छतेत बाईला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं.

बेबा अठराची होत आली होती, तिने दोनदा म्हटलं, माय, मी मळते आज. आक्काबाईने तिला परातीजवळ फिरकू दिलं नाही. पोरीचा हात कच्चा आहे, गुठळी राहील म्हणाली. आईच्या गर्वाने पोरगी वाचली, शहाणपणाने कोणी वाचलं नसतं, कारण शहाणपण गावात कुठे विकत मिळत नव्हतं. पिशवीवर कवटीचं चित्र होतं आणि खाली दोन हाडं. बाकी मजकूर इंग्रजीत. गावाने त्याचा सरळ अर्थ लावला. कमळ छाप असतं, घोडा छाप असतं, तशी ही कवटी छाप. दुकानात जाऊन लोक बजावून सांगायचे की कवटी छापच द्या, बिनकवटीची देऊन फसवू नका. पोरांच्या डोक्यात उवा झाल्या तर हीच चोळायची, ढेकणांना खाटेत हीच, बैलाला गोचीड लागली तरी हीच. रिकाम्या पिशव्या इतक्या मजबूत कापडाच्या की टाकवायच्या नाहीत, कुणी मिरची भरली, कुणी पोरांच्या चड्ड्या शिवल्या. कवटी बरोबर बसायच्या जागी यायची.

गावात आजार नव्हता असं नाही, पण त्याला कारणं भरपूर होती. कापूस वेचणाऱ्या बायांना घेरी यायची ती उन्हाने. डोळ्यांतून पाणी वाहायचं ते मिरचीच्या धांसीने. बांधावर चरून दोन शेळ्या ताठ झाल्या त्या सापाने, एकाच दिवशी, एकाच बांधावर, साप फार मेहनती होता. हिलाल एकदा पंपासकट सरीत आडवा झाला, हातपाय झाडायला लागला, त्याच्या अंगात आलं असं ठरवून लिंबू उतरवलं. तो तासाभराने उठून बसला म्हणजे लिंबू लागू पडलं. दोंडाईच्याला डॉक्टर होते. ते लाल सुई द्यायचे आणि तूप खा म्हणायचे. सालदाराने तूप खायचं.

आक्काबाईच्या हाताचं आधी कोणाला कळलं नाही, तिला एकटीला कळलं. सुईत दोरा जाईना. मग भरलेली कळशी डोक्यावरून उतरवताना पाणी सांडायला लागलं. तिने कळशी अर्धी भरायला सुरुवात केली आणि विषय मिटवला.

अडुसष्टची आखाजी आली. पाटलांकडे चाळीस पानं, आमरस, मांडे. आक्काबाईने उंडा पंजावर घेतला, खेळवायला लागली आणि मनगटाजवळ तो टरकन फाटला. पुरण चुलीत पडलं, धूर झाला. दुसरा घेतला, तोही फाटला. तिसऱ्याला तिने श्वास धरला, दात आवळले, तर हात असे थरथरले की उंडा खापरापर्यंत गेलाच नाही, सुनंदाबाईंच्या लुगड्यावर जाऊन बसला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनंदाबाई समजूतदार, त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळी शेजारणीला हळूच म्हणाल्या की बाई हल्ली पीत असावी.

झालं. हात थरथरतात म्हणजे दारू, हे गावाला पटकन समजलं. तीन वर्षं त्याच हातांनी विष मळून त्याच हातांचे मांडे सगळं गाव खात होतं, त्यात कोणाला काही दिसलं नाही. दारू मात्र लगेच दिसली. जिने कधी ताडीचा वास घेतला नाही ती बाई चार दिवसांत पट्टीची पिणारी झाली. कोणी तर तिला पिताना पाहिलंही होतं.

यात आक्काबाईचं जे जायचं ते गेलं असतं, पण बेबाचं बघणं चाललं होतं. नदीपलीकडच्या गावचे जीवराम आणि त्यांची बायको द्रौपदाबाई, मुलगा चिंधा, चार एकर कपाशी. येत्या माघात बघायला येणार होते, आणि पोरीच्या आईच्या हातचे मांडे खाणार होते, तसा निरोपच होता. मांडे फाटले की नदीपलीकडेही तीच दारूची गोष्ट जाणार. आई पिते म्हटल्यावर पोरीला कोण करून नेणार?

आक्काबाई कधी नव्हे ती कामाला लागली. आधी दोंडाईच्याच्या डॉक्टरांकडे. म्हणाली, पावडरीने हात असे झालेत एवढं चिठ्ठीवर लिहून द्या, व्याह्यांना दाखवीन. डॉक्टर घाबरले. असं लिहिलं की कोणीतरी विचारणार, धुळ्याला साक्षीला जावं लागणार. त्यांनी लिहून दिलं, अशक्तपणा. आणि तूप. मग जीप गावात आली तेव्हा ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेब हसून म्हणाले, बाई, हे किड्याला मारतं, तुम्ही काय किडा आहात? लोकही हसले. साहेबांचा स्वभावच मोकळा. मग अभिमन पाटलांकडे. पाटलांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले, गोरे, भरलेले, अंगठीवाले.

"पावडरमुये हात हालतस," ते म्हणाले, "तं मंग मना कसा हालतस नही?"

पाटलांनी उभ्या जन्मात पावडरीला बोट लावलं नव्हतं, हे तिथे बसलेल्या सहा माणसांना माहीत होतं. सहाही जणांनी माना डोलवल्या. एवढा बिनतोड मुद्दा.

राहिले लखीचंद शेठ, दोंडाईच्याचे दुकानवाले, ज्यांच्याकडून पिशव्या यायच्या. तिथे ती मीठ घ्यायला गेली होती आणि सहज विचारलं की शेठजी, त्या पिशवीवर काय लिहिलंय हो? लखीचंद शेठांनी चष्मा लावला, पिशवी लांबूनच काठीने फिरवली आणि वाचलं. हात लावू नये, वास घेऊ नये, लहान मुलांपासून दूर, अंगावर सांडल्यास ताबडतोब साबणाने धुवावे. वर म्हणाले, बाई, ही छाप नाही, कवटी आहे, मरशील असं लिहिलंय. आक्काबाईने विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाही? शेठ खरंच विचारात पडले. म्हणाले, कोणी विचारलंच नाही.

माघ उजाडला. जीवराम आले, द्रौपदाबाई आल्या, चिंधा कडक टोपी घालून आला. पुरुष ओट्यावर, द्रौपदाबाई सरळ चुलीपाशी येऊन बसल्या, पदर दोन्ही हातांवरून घट्ट ओढून. आक्काबाईने खापर तापवलं. बेबाने पुरण वाटलं होतं, सपीट तीनदा चाळलं होतं, कसर कुठे नव्हती. आक्काबाईने उंडा घेतला. हात आधीच हलायला लागले होते, तिने कोपरं बरगड्यांना दाबून धरली, तरी वीतभर मांडा होतोय न होतोय तोच फाटला. दुसराही गेला. चूल चरचरली. हिलाल दारातून बघत होता, तो बाहेर निघून गेला.

द्रौपदाबाई सगळं बघत होत्या. मांड्याकडे नाही, हातांकडे. मग त्यांनी हळूच विचारलं,

"कितला वरीस कालवी पावडर?"

आक्काबाईला आधी कळलंच नाही की दारूचं का विचारलं नाही. म्हणाली, तीन.

"मनं चौथं चालू शे," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि पदर बाजूला केला. त्यांचे हात मांडीवर असे उडत होते जशी पकडून ठेवलेली पाखरं.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आक्काबाईला खरं मानलं होतं. तिला रडूच आलं. दोघी जणी चुलीपुढे बसून भरपूर बोलल्या, कळशी कशी सांडते, रात्री पाय कसे ओढतात, तुपाचं काय सांगितलं डॉक्टरने, दोघींना एकच डॉक्टर, एकच सुई. पत्रिका बघायची गरजच उरली नाही, घराणी इतकी जुळली. मग बेबाने उरलेले उंडे घेतले आणि एकामागून एक मांडे टाकायला लागली, आईसारखेच, कोपरापर्यंत, एक फाटला नाही. द्रौपदाबाई डोळ्यांत पाणी आणून बघत राहिल्या.

"पोरना हात भलता चांगला शेतस," त्या म्हणाल्या. "आमनाकडे आते कालवनारं कोनी नही."

आक्काबाईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. नदीपलीकडून हे लोक पोरगी बघायला आले नव्हते, हात बघायला आले होते. एक जोडी झिजली, दुसरी घेऊन जायला. आणि त्यांचं चुकलं तरी काय म्हणायचं, बाई मनाने चांगली होती, लपवून काही बोलली नव्हती. नाही म्हणावं तर दारूवालीच्या पोरीला पुढचं स्थळ कुठून येणार? तिने लग्नाला होकार दिला. फक्त लग्नाच्या आठ दिवस आधी ती सुनंदाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

सुनंदाबाई आहेराचं लुगडं काढायलाच निघाल्या होत्या. आक्काबाई म्हणाली, लुगडं नको, ते लाल मोजे द्या. सुनंदाबाईंना वाटलं बाई आज सकाळीच पिऊन आली. पण मोज्यापेक्षा लुगडं महाग, हा हिशेब त्यांना बरोबर येत होता. कपाट उघडलं, फडकं उघडलं, साडेतीन वर्षांनी मोज्यांनी हवा खाल्ली. अगदी नवे. डांबराच्या गोळीचा वास तेवढा.

लग्नात रुखवत मांडलं त्यात शेवया होत्या, कुरडया होत्या, भरलेल्या कापडी बाहुल्या होत्या आणि मधोमध, तबकात, दोन लाल रबरी हात, बोटं वर करून. वऱ्हाडाने पोट धरून हसून घेतलं. कोणी म्हणालं, गाईच्या आचळासारखे दिसतात. कोणी म्हणालं, जावयाला आशीर्वाद द्यायला ठेवलेत. आक्काबाईने चिंधाला बाजूला घेऊन नीट समजावलं की पावडर मळताना पोरीने हे घालायचेच. चिंधाने मान हलवली. लग्नात नवरदेव सगळ्यालाच मान हलवतो.

दोन महिन्यांनी आखाजीला बेबा माहेरी आली. बाकीच्या आया पोरींची तोंडं बघतात, आक्काबाईने हात उलटेपालटे करून बघितले. मग विचारलं, मोजे कुठे आहेत.

"सासूनी पेटीमा ठी दिन्हात," बेबा म्हणाली. "खराब व्हतीन म्हने."

पाऊस पडायच्या आधी चिंधा बायकोला न्यायला आला, तेव्हा आक्काबाई उंबऱ्यात बसली आणि उठलीच नाही.

"वापरी वापरी फाटेल मोजा दखाडा," जावयाला म्हणाली, "मंग पोर ली जा."

जावयाला असं दारातून परत पाठवायचं म्हणजे काय, गावाने तोंडात बोटं घातली. दारू पिऊन बाई आता पोरीचा संसार मोडायला निघाली. हिलालने समजावलं, अभिमन पाटलांनी निरोप धाडला, जीवराम स्वतः येऊन तावातावाने बोलून गेले. आक्काबाईचे हात थरथरत होते, पण तोंड अजिबात थरथरत नव्हतं. पंचायत बसवू म्हणाले, ती म्हणाली बसवा. बेबा मागच्या दारी रडायची. आषाढ गेला, श्रावण गेला, कपाशीला फुलं आली, शेतात पंप वाजायला लागले. नदीपलीकडून काही निरोप नाही. आक्काबाई रोज परातीपुढे बसायची, कारण हिलालचं साल बांधलेलं होतं आणि थरथरत्या हातांनी मांडे होत नसले तरी विष मळता येतं. पण ते मळताना तिचा जीव सगळा रस्त्याकडे. आपण पोरीचे हात राखले की पोरीचं घर घालवलं, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं, तेवढं लखीचंद शेठांनाही वाचता आलं नसतं.

दिवाळीला चिंधा आला. एकटाच, चालत, टोपी नाही, काखेत कागदाचं पुडकं. उंबऱ्यात बसून त्याने पुडकं सोडलं. लाल मोजे आता लाल नव्हते. वरपर्यंत पांढरे झाले होते, बोटांना चिरा, उजव्या अंगठ्याला भोक. आक्काबाईने ते उचलून नाकाशी नेले. तो वास तिच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार. खरा होता. मग तिने जावयाला हात पुढे करायला लावलं, दोन्ही, सरळ. उजव्या अंगठ्याची कातडी सोलली होती. बाकी हात दगडासारखे स्थिर.

त्याने मान खाली घालून सांगितलं की सगळा हंगाम त्यानेच मळली. बायांचं काम करतो म्हणून त्याला गावात लोक वहिनी म्हणतात आता. आईने पेटीची किल्ली आपणहून दिली. आणि येताना दोंडाईच्याला उतरून त्याने दुकानं पालथी घातली, अशी आणखी एक जोडी कुठे मिळते का म्हणून. कुठेच नाही. लखीचंद शेठ म्हणाले, आजवर कोणी मागितलीच नाही.

बेबाने चूल पेटवली, खापर ठेवलं. दिवाळसण होता, जावई आला होता, मांडे तर व्हायलाच हवे होते. आक्काबाईने पाटलांच्या सायकलवाल्या गड्याकडून पंक्चरचा तुकडा, काचकागद आणि सोल्यूशन मागून आणलं आणि अंगठ्याचं भोक बुजवायला बसली. तुकडा चिकटवायच्या आधी रबर खरवडून घ्यावं लागतं, खसाखसा, बराच वेळ. त्या कामाला तिचे हात अगदी नामी होते. नुसता कागद धरून ठेवला, बाकीचं आपोआप होत होतं.